गिऱ्हाईक आपलं, मग यादी परक्याकडे का?

आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई, पोळा, दिवाळी. सण कुठलाही असो, आदल्या रात्रीपासून खान्देशातल्या दुकानांची रंगीत चित्रं फोनवर येऊन पडायला लागतात. वर देवाचा नाहीतर बैलजोडीचा फोटो, खाली हात जोडलेले मालक, त्याखाली दुकानाचं नाव आणि 'शुभेच्छुक'. चोपड्याच्या हार्डवेअरवाल्याचं चित्र आणि शिरपूरच्या कापडवाल्याचं चित्र शेजारी ठेवून नावं झाकली, तर कुठलं कोणाचं हे मालकालाही सांगता येणार नाही. या चित्रांसाठी दरमहा पैसे मोजले जातात. मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे जाहिरात खर्चाच्या खात्यात काय काय नावे पडतं ते मला दिसतं. पूर्वी तिथे भिंत रंगवण्याचा, यात्रेतल्या फलकाचा, दिवाळी अंकातल्या पाव पानाचा खर्च असे. आता एजन्सीचं मासिक पॅकेज असतं. इतक्या पोस्ट, इतकी रील, इतके रुपये बूस्टला, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायला. यातून दुकानात माणूस कोण आलं, असं विचारलं की उत्तर फॉलोअरच्या आकड्यात मिळतं.

सोशल मीडिया वाईट आहे किंवा खेड्यापाड्यातल्या धंद्याला त्याचा उपयोग नाही, असं मला मुळीच म्हणायचं नाही. उपयोग फार मोठा आहे. पण आपल्याकडे तो उलट्या टोकाने सुरू झाला आहे. आधी अनोळखी लाखभर लोकांना दिसायचं, मग त्यातले काही विकत घेतील अशी आशा धरायची, हा क्रम देशभर माल विकणाऱ्या मोठ्या कंपनीला परवडतो. अमळनेरच्या मसालेवाल्याने, फैजपूरच्या फरसाणवाल्याने, नंदुरबारच्या मिरचीच्या कांडपवाल्याने आधी जे ओळखतात त्यांना धरायला हवं, त्यांचे नंबर स्वतःच्या वहीत हवेत, आणि त्यांच्यामार्फत पुढच्या माणसापर्यंत जायला हवं. सरकारी खर्चाने होणाऱ्या प्रशिक्षणांनीही हेच शिकवावं. आज या विषयाच्या शिकवणीत 'व्हायरल कसं व्हायचं' यावर फार भर असतो, आणि त्यात विशेषतः बचत गटांच्या बायकांचा वेळ आणि पैसा वाया जातो आहे.

हे ओळखणारे लोक आहेत तरी कुठे? खान्देशच्या बाबतीत याचं उत्तर फार ठळक आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने गेली कित्येक दशकं इथला माणूस सुरतला जातो आहे. उधना आणि लिंबायत भागात अहिराणी ऐकू येते, लग्नपत्रिका तिकडून इकडे आणि इकडून तिकडे जातात. नाशिकचं सातपूर-अंबड, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड इथेही तसंच. नोकरीसाठी गेलेली ही माणसं दोन गोष्टींसाठी गावाकडे तोंड करून बसलेली असतात. एक लग्नकार्य, आणि दुसरं खाणं. काळा मसाला, बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया, कळण्याचं पीठ, मिरचीचा ठेचा. यातली एकही गोष्ट पुण्याच्या मॉलमध्ये मनासारखी मिळत नाही.

बिबड्यांचंच घ्या. ज्वारी भिजवायची, आंबवायची, वाटायची, लसूण-तीळ-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि कडक उन्हात कापडावर थापून वाळवायचा. मार्च ते मे एवढाच हंगाम. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ना तेवढं ऊन, ना मदतीला चार बायका. म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे, त्याला चव माहीत आहे, बिबडा म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायचं नाही, आणि स्वतः करणं त्याला शक्य नाही. धंद्यात याहून चांगली स्थिती मिळत नसते. या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला लाखभर प्रेक्षकांचं रील लागत नाही. गावाच्या, भाऊबंदकीच्या, शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटात घाटा शिजताना काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, खाली किलोचा भाव, पोचवायची सोय आणि एक नंबर, एवढं पुरतं. माल जायची वाटही आधीपासून आहे. रात्रीच्या लक्झरी बसच्या डिक्कीत खोकं ठेवायचं, ड्रायव्हरचा नंबर आणि गाडीचा फोटो पाठवायचा, सकाळी वाकडला किंवा कल्याणला नात्यातलं कोणीतरी उतरवून घेतं. आई मुलाला डबा पाठवते तीच ही वाट. कुरियरचा दर अनेकदा पापडाच्या नफ्याएवढा होतो, त्यामुळे ही सोय धंद्याचा कणा आहे. मला वाटतं, सोशल मीडिया मार्केटिंगच्या खान्देशातल्या कुठल्याही वर्गात पहिला तास डिक्कीचं भाडं आणि खोक्याचं वजन यावर हवा.

बोलीचाही इथे फार उपयोग आहे. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना आणि खान्देशी बोलीतल्या विनोदी व्हिडिओंना लाखांनी, काहींना कोटींनी प्रेक्षक मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आपल्या दुकानांच्या पोस्ट पाहा. 'आमच्या येथे सर्व प्रकारचे दर्जेदार मसाले वाजवी दरात उपलब्ध आहेत.' हे वाक्य जळगावचं नाही, धुळ्याचं नाही, कोणाचंच नाही. सुरतमध्ये यंत्रमागावर दिवस काढलेल्या माणसाला संध्याकाळी फोनवर 'आखाजीले ई ऱ्हायना ना भो?' (आखाजीला येतोयस ना, भाऊ?) एवढं ऐकू आलं तर त्याचा अंगठा थांबतो. रावेर-यावलकडे लेवा बोली, नंदुरबारकडे गुजर आणि आदिवासी बोली. ज्याने त्याने आपल्या घरातल्यासारखं बोलावं. एजन्सीचा लेखक हे लिहून देऊ शकत नाही. दुकानदार स्वतः बोलू शकतो, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

आता दुसरी बाजू. दिसणं आणि विकणं यांत अंतर असतं, आणि हे अंतर धंद्याधंद्याप्रमाणे बदलतं. हिवाळ्यात जळगावात भरिताचा हंगाम असतो. बामणोद-आसोद्याकडची हिरवी-पांढरी वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. याचा व्हिडिओ काढला तर तो चालणारच. जाळ, धूर, ठेचण्याचा आवाज, सगळंच मोहात पाडणारं आहे. पण तो व्हिडिओ कोल्हापूरच्या आणि दुबईच्या माणसाने पाहून भरीत केंद्राची एक प्लेटही जास्त खपत नाही. त्याला गिऱ्हाईक हवं जळगाव-भुसावळमधलं, फार तर हायवेवरून जाणारं. ते संध्याकाळी सहाला फोन उघडतं तेव्हा त्याला आजचा भाव, बसायला जागा आहे का आणि पार्सल किती वाजेपर्यंत मिळेल हे कळायला हवं. यासाठी गूगल मॅपवर दुकानाची खूण, वेळ, फोन आणि खरे फोटो बरोबर असणं हे शंभर रील्सहून मोलाचं आहे. ही नोंद फुकट होते. तरीही बंद पडलेला नंबर आणि चुकीची वेळ नकाशावर तशीच ठेवून रीलवर पैसे घालणारी दुकानं मी पाहतो आणि वाईट वाटतं.

पैसे घालायचेच तर यंत्र कसं चालतं ते तरी मालकाला माहीत हवं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. रावेरच्या शेतकऱ्याला बऱ्हाणपूरच्या केळीच्या लिलावाची सवय आहे, त्याला हे चटकन समजेल. मागणी वाढली की भाव चढतो. दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच जागेसाठी देशातल्या मोठ्या ऑनलाइन कंपन्या, मोबाइल कंपन्या, कपड्यांचे ब्रँड बोली लावतात. धुळ्याच्या साडीवाल्याचे पाच हजार रुपये नेमके त्याच दिवसांत सर्वांत कमी लोकांपर्यंत पोचतात, आणि तो नेमका त्याच दिवसांत बूस्ट करतो. दुसरं म्हणजे बूस्टचं बटण नुसतं दाबून दिलं तर यंत्र पोस्टला लाइक करणारी, त्यावर थांबणारी माणसं शोधतं. लाइक करणारा आणि विकत घेणारा एकच असेल असं नाही. जाहिरात देताना आपल्या दुकानाभोवती ठरावीक किलोमीटरचं वर्तुळ आखता येतं, वय ठरवता येतं, लाइकऐवजी व्हॉट्सॲपवर संदेश यावेत असं सांगता येतं. एजन्सीने हे केलं का, एवढं विचारायचा अधिकार पैसे देणाऱ्याला आहे. शिवाय जाहिरातीचं खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरने उघडलेलं असावं. एजन्सी सोडली की पेजचा पासवर्ड, जुने फोटो, आलेल्या चौकशा सगळं तिच्याकडेच राहतं, आणि मग दुकानदार आपल्याच दुकानाच्या नावासाठी तिच्या मागे फिरतो. असे प्रसंग विरळ राहिलेले नाहीत.

याहून मोठा धोका वेगळा आहे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक होतं. बंदीच्या योग्यायोग्यतेबद्दल मला इथे बोलायचं नाही. पण धुळे-नंदुरबारच्या खेड्यांतली जी साधी माणसं तिथे लोकप्रिय झाली होती, त्यांचा सगळा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. मागे एकाचाही पत्ता, एकाचाही नंबर उरला नाही. काहींनी यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर पुन्हा सुरुवात केली, अनेकांना ते जमलं नाही. पुढच्या वर्षी ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. आपल्याकडे तेव्हा रात्र होती म्हणून फार जाणवलं नाही. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं होतं की लोकांना मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी दिसतील आणि धंद्यांच्या पेजच्या पोस्ट मागे पडतील. ज्यांनी पैसे आणि वर्षं खर्चून पेजवर हजारो लोक जमवले होते, त्यांना त्याच लोकांपर्यंत पोचायला पुन्हा पैसे द्यायची वेळ आली. बटाईच्या शेतात विहीर खोदावी तसं हे आहे. पाणी लागलं तरी विहीर मालकाची.

म्हणून वही. कागदाची असो की फोनमधली. नाव, गाव, मूळ गाव, नंबर, काय घेतलं, कधी घेतलं, तिखट किती लागतं. किराणा दुकानदाराची उधारीची वही हाच प्रकार होता, आणि त्या वहीने या भागातली दुकानं दुष्काळातही तगवून नेली. व्हॉट्सॲप बिझनेस जानेवारी २०१८ पासून भारतात फुकट मिळतं. त्यात मालाची यादी भावासह लावता येते, गिऱ्हाइकांना खुणा लावून वेगळं ठेवता येतं. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. ही अट अनेकांना अडचण वाटते. मला ती चांगली वाटते, कारण त्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाइकाला म्हणावं लागतं, 'भाऊ, आपला नंबर सेव्ह करून घ्या, नवीन माल आला की कळवतो.' जो माणूस होकार देऊन आपला नंबर साठवतो तो हजार फॉलोअरांहून जवळचा. मात्र त्याला रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवलं तर तो नंबर ब्लॉक करेल, आणि ते बरोबरच होईल. हंगामात दोन-चार वेळा, कामाचं असेल तेवढंच.

हे सगळं मी भरवशाच्या पायावर उभं करतो आहे, आणि भरवसा हा खान्देशाचा जुना माल आहे. जळगावची सुवर्णनगरी म्हणून ख्याती झाली ती हॉलमार्किंग सक्तीचं होण्याच्या कितीतरी आधी. जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. त्याआधी विदर्भातून, मध्य प्रदेशातून लोक लग्नाचं सोनं घ्यायला इथे येत, ते कोणीतरी घरच्या माणसाने 'तिथे कस चोख मिळतो' असं सांगितलं म्हणून. तोच तोंडी निरोप आता फोनमधून जातो, एवढाच फरक.

आणि तो निरोप उलटही जातो. नवापूरच्या कुक्कुटपालकांना हे सांगायला नको. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात आढळला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तो खरा रोग होता. पण २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी निव्वळ अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि देशभर कोंबडीचे भाव मातीमोल झाले. सरकारने खुलासे केले, पण खुलासा अफवेच्या वेगाने पळत नाही. ज्या पोल्ट्रीवाल्याचा आपल्या गिऱ्हाइकाशी थेट संबंधच नव्हता, त्याच्याजवळ बोलायला माणूसच नव्हता. अशा वेळी वहीतले दोनशे नंबर काय करू शकतात याचा विचार करावा.

म्हणूनच विकत घेतलेल्या कौतुकाबद्दल मला राग आहे. शहरात नवं हॉटेल उघडलं की खाद्यव्हिडिओ करणारे येतात, शेवभाजीची वाटी कॅमेऱ्यासमोर धरतात, 'जळगावात याहून भारी शेवभाजी नाही' असं म्हणतात. पैसे घेतले की नाही, जेवण फुकट होतं की नाही, हे कुठेच येत नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की पैसे, वस्तू, फुकट जेवण किंवा मुक्काम असा कुठलाही मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने ती जाहिरात असल्याचं ठळकपणे सांगितलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा नियम फक्त सिनेनटांसाठी आहे असा समज आपल्याकडे आहे. व्यापारी संघटनांनी स्वतः ठरवावं की आमचे सभासद पैसे देऊन केलेला व्हिडिओ 'जाहिरात' असं लिहूनच टाकतील. एका शहरात चार हॉटेलांनी खोटं कौतुक विकत घेतलं की पाचव्याचं खरं कौतुकही कोणी मानत नाही.

जीआयचंही तसंच. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता कुठल्याही पोस्टवर 'जीआय केळी' लिहिलेलं दिसतं. पण ते नाव वापरायला शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या शेतकऱ्याने ते प्रमाणपत्र दाखवत, आपल्या बागेत उभं राहून, घड कसा उतरवतो ते सांगितलं तर ती जगातली उत्तम जाहिरात आहे. नोंदणीशिवाय ते नाव लावलं तर तो शेजारच्याच्या घामाचा वापर झाला.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो तरुण मुलं घेतात. ज्यांच्या घराण्याचं दुकान नाही, ज्यांना सराफ बाजारात कोणी ओळखत नाही, ज्यांची जात-भाऊबंदकी मोठी नाही, त्यांनी ओळखीचे लोक आणायचे कुठून? तळोद्यातला आदिवासी मुलगा आमचूर आणि मोहाचे लाडू विकायला निघाला तर सुरतला त्याचे व्यापारी नातेवाईक नाहीत. त्याला अनोळखी माणसासमोर जाण्याचं हे पहिलंच दार मिळालं आहे, ते बंद करायला सांगू नका. मी ते मान्य करतो, पूर्णपणे. अशा माणसाने रील जरूर करावीत, तोरणमाळच्या वाटेवरून करावीत, रोज करावीत. पण त्याला तर यादीची गरज सगळ्यांत जास्त आहे. जुन्या दुकानाचं इन्स्टाग्राम खातं गेलं तरी दुकान उरतं. त्याचं गेलं तर काही उरत नाही. रील पाहून आलेल्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांची नावं त्याने लिहून ठेवली, माल पोचल्यावर फोन केला, चव कशी होती विचारलं, तर पुढचे दहा ती माणसंच आणतात.

म्हणून माझी मागणी जिल्हा उद्योग केंद्रांकडे, बचत गटांसाठीच्या सरकारी 'उमेद' अभियानाच्या तालुका कार्यालयांकडे आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांकडे आहे. प्रशिक्षणाचं यश फॉलोअर वाढले का यावर मोजू नका. सहा महिन्यांनी गटाकडे दुसऱ्यांदा माल मागवणारी गिऱ्हाइकं किती, हे मोजा. वर्गात शिकवा की पाकिटावर वजन, तारीख, भाव आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक का हवा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात जमा झाल्याचं पाहूनच खोकं गाडीत ठेवायचं. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, जो पिन टाकायला सांगतो तो चोर, आणि फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. गिऱ्हाइकाचा खराब मालाबद्दलचा संदेश आला तर त्याच दिवशी उत्तर कसं द्यायचं, हेही शिकवा. पापड मोडून आले म्हणणाऱ्या पुण्याच्या ताईला बदली पाकीट पाठवलं, तर ती सोसायटीच्या गटात काय लिहील याचा अंदाज करून पाहा.

हे वर्ग जानेवारी-फेब्रुवारीत व्हायला हवेत, ज्वारी भिजायच्या आधी. प्रत्येक गटाने येताना आपल्या गावातून बाहेर गेलेल्या पन्नास माणसांची नावं आणि नंबर लिहून आणावेत. गावात कोणाचा मुलगा कुठे आहे हे त्या बायकांना तोंडपाठ असतं.